लांबवलेलं लग्न

सकाळच्या एसटीत बाकांखाली पेंढ्याच्या काड्या दिसायला लागल्या की भोरकडे भातकापणी सुरू झाली असं मी धरतो. कुणाच्या पोत्याला चिकटून येतात, कुणाच्या लुगड्याला. बस कापूरहोळच्या दिशेला निघते. दोन्ही बाजूंना पिवळं भात, काही आडवं पाडलेलं, काही भारे बांधून ठेवलेलं, आणि खिडकीतून तो ओलसर गोड वास आत येतो. पूर्वी मला तो आवडायचा. यंदा तो आला आणि मी खिडकीची काच ओढून घेतली. गेल्या वर्षी याच वासाच्या दिवसांत माझी बायको म्हणाली होती की ती पुन्हा या बसमध्ये चढणार नाही.

शैलाची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली आहेत. मंगळवार, गुरुवार, शनिवार आम्ही भोरहून पुण्याच्या बसनं निघतो, कात्रजला उतरतो, तिथून रिक्षानं इस्पितळात जातो. चार तास तिचं रक्त मशीनमधून फिरून, गाळून तिच्या अंगात परत येतं. फेऱ्या चुकल्या तर पाणी साठत जातं, पायांवरून वर चढतं, फुप्फुसात जातं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, हे थांबवलं तर फार तर दोन आठवडे. माझं मूत्रपिंड द्यायला मी तयार होतो, पण मला साखर आहे, ते चालत नाही. यादीत नाव लावलं आहे. आम्हाला मूल नाही. वाचणाऱ्याला एवढी माहिती पुरे. ती बसमध्ये चढते की नाही, एवढ्यावरच आमचं सगळं अवलंबून आहे.

माझं काम जमीन मोजणीचं. हद्दीचा दगड जिथे आहे तिथे आहे. शेजारच्या दोघांनी कितीही आवाज चढवला तरी तो हातभर सरकत नाही, आणि मीही सरकवत नाही. घरीसुद्धा मी तसाच आहे. शैलाला दिवसाला पाऊण लिटर पाणी चालतं, तर सकाळी मी ते मोजून एका बाटलीत भरून ठेवतो. औषधाचा घोट, चहा, आमटी, सगळं त्यातच धरायचं. मी स्वतः पाणी पितो ते मोरीचं दार लावून. तिला ते माहीत आहे. मी बाहेर आलो की ती विचारते, "झाल्या का आंघोळी?"

शैलाचं सगळंच असं. ती कधी रंगमंचावर गेली नाही. गल्लीतल्या बायकांना शिवण शिकवायची, साड्यांना फॉल लावायची. पण आमच्या घरात साधी गोष्ट साधेपणानं घडत नसे. गॅसचा सिलिंडर आला की दारात जावई आल्यासारखं त्याला हळदकुंकू लागायचं, आणि तो आणणारा माणूससुद्धा खांद्यावरून टाकी उतरवत गंभीरपणे म्हणायचा, "मुक्काम महिनाभर आहे, मंडळी." वीज गेली की ती आमच्या कोपऱ्यावरच्या रोहित्राची तब्येत विचारायला जाऊन यायची. मी जेवत असायचो. मला वाटायचं, या बाईला एवढी ताकद कुठून येते आणि ती अशी वाया का घालवते. आता वाटतं, ती वाया जात नव्हती. साठत होती.

बसमधल्या माणसांना वाईट म्हणवत नाही. आपल्याकडे शेजारी बसलेल्याला कुठं निघालात हे विचारतात, त्यात काही चूक नाही. सुरुवातीला शैला खरं सांगायची. मग बस हळहळायची. एक बाई कुठल्याशा मुळीचा काढा सांगायची, दुसरी एका देवस्थानाचा अंगारा. नसरापूर फाट्याला उतरणारा एक गृहस्थ तर पिशवी उचलता उचलता म्हणाला, "आमच्या चुलत्याचं बी असंच व्हतं. वर्षात आटोपले." तो चांगल्या मनानं म्हणाला असेल. उतरताना त्यानं शैलाला हात जोडून नमस्कारही केला.

त्या दिवशी घरी आल्यावर ती म्हणाली, "दर फेरीला ही माणसं माझं तेरावं जेवतात. मी आता त्या बसमध्ये बसायची नाही."

मी म्हणालो, गाडी करू. ती म्हणाली, गाडीत तुम्ही माझ्याकडे बघत बसाल, ते त्याहून वाईट. पुढच्या गुरुवारी ती उठलीच नाही. शुक्रवारी तिच्या पावलावर बोट टेकवलं तर खळगा पडला आणि तसाच राहिला. मी विनवण्या केल्या, रागावलो, डॉक्टरांचे आकडे मोठ्यानं वाचून दाखवले. तिनं भिंतीकडे तोंड केलं.

शनिवारी सकाळी ती गर्द हिरवी काठपदराची साडी नेसून बाहेर आली. केसात शेवंती, कपाळाला मोठं कुंकू.

"अहो, चला. आज मुलगा बघायला जायचंय."

"कुणासाठी?"

"मुलीसाठी."

मी म्हणालो, आपल्याला मुलगी नाही.

"तुम्हाला मोजणीत सापडली नसेल," ती म्हणाली आणि चपला घालायला लागली.

मी पिशवी उचलली. ती नरकात निघाली असती तरी मी उचलली असती, ती निघाली एवढं मला बास होतं.

त्या दिवशी बसमध्ये आमच्या शेजारी कोंडाबाई बसल्या. साठीच्या पुढच्या, हिर्डोशीच्या. त्यांचा मुलगा कात्रजला टेम्पो चालवतो, सून बाळंत झालेली. कापणीत घर सोडवत नाही म्हणून त्या दर शनिवारी पहाटेच्या गाडीनं भोरला यायच्या, इथून पुण्याची बस धरायच्या, बाळाला न्हाऊमाखू घालून दुसऱ्या दिवशी परत शेतावर. त्यांनी शैलाची साडी बघितली, शेवंती बघितली आणि कुठं निघालात विचारलं. शैलानं सांगितलं. पुढचं सगळं इतक्या सहज घडलं की मला कळेचना यातलं खोटं नेमकं कुठून सुरू झालं. मुलगा पुण्यात नोकरीला, घर मूळचं साताऱ्याचं, पत्रिका जुळते. मला घरातून निघतानाच सांगून ठेवलं होतं की तुम्हाला स्थळाबद्दल शंका आहे, तेव्हा काही बोलू नका, नुसते कपाळाला आठ्या घाला. तेवढं मला जमत होतं. पण कोंडाबाईंनी मुलगी किती शिकली म्हणून विचारलं आणि मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून बारावी म्हणालो. त्याच क्षणी शैला बीकॉम म्हणाली.

कोंडाबाईंनी माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं. "बापाला पोरीचं शिकशान ठावं नसतंय. आमच्यात बी तसंच हाय."

शैला हसली. किती महिन्यांनी हसली ते मी सांगत नाही.

तेव्हापासून तसंच ठरून गेलं. इस्पितळाच्या मोरीत ती काठपदर उतरवून सुती साडी नेसायची, शेवंती काढून माझ्या खिशात ठेवायची, आणि तिथे मग ती कुणीच नसायची. डाव्या हातात शीर आणि धमनी जोडून घेतलेली आहे. तिथे बोट ठेवलं तर आत भुंगा कोंडल्यासारखी थरथर लागते. तिथेच दोन जाड सुया जायच्या. पायात गोळे आले की ती दातावर दात धरायची आणि मी पोटऱ्या दाबत बसायचो. परतीच्या बसमध्ये नाटक नसायचं. माझ्या खांद्यावर डोकं टाकून ती झोपायची, तोंड उघडं, ओठांना पापुद्रे सुटलेले. खिडकीतून झोडणीचा आवाज यायचा, भाताचा भारा फळीवर आपटल्याचा, एकसारखा. सकाळी मुलाचं स्थळ बघायला निघालेली बाई हीच, असं कुणाला सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

लग्न वाढत गेलं. मंगळवारी, गुरुवारी बसमध्ये वेगळी माणसं, वेगळे प्रवेश. पण शनिवारी कोंडाबाई, त्यामुळे शनिवारचं मागे घेता येईना. मुलगा पसंत पडला. सुपारी फुटली. मुलाच्या वडलांना, म्हणजे आमच्या व्याह्यांना, हळूहळू हातपाय फुटले. ते एका कानानं कमी ऐकायचे. चहात बिस्किट बुडवून ते पडलं की चमच्यानं काढून खायचे. हुंडा शब्द काढला तर उठून जाईन म्हणाले. शैला हे रात्री ठरवत नसे, बसमध्ये तिला ते सुचायचं, आणि मीही कोंडाबाईंच्या बरोबरीनं ते पहिल्यांदाच ऐकायचो. एकदा बाजारात छत्र्या टांगलेल्या बघून माझ्या मनात आलं, व्याही आपली आमच्याकडे विसरलेत, ती पोचवायला हवी.

मग कोंडाबाईंनी आम्हाला केळवणाला बोलावलं.

मी घरी आल्यावर शैलाला म्हणालो, आता हे थांबव. ऐन कापणीत ती बाई आपल्या खोट्यासाठी चूल पेटवणार, घरच्यांना राबवणार. मी शनिवारी तिला खरं सांगतो. शैला खिडकीशी बसली होती. ती म्हणाली, सांगा. मग मंगळवारी तुम्ही एकटेच जा, त्या मशीनला माझा नमस्कार सांगा.

आम्ही हिर्डोशीला गेलो. धरणाचं पाणी उजव्या हाताला ठेवून बस चढत गेली. कोंडाबाईंच्या दारात खळं सारवलेलं होतं, नव्या भाताची रास होती. आत पाटाभोवती रांगोळी. त्यांचे मालक नवीन टोपी घालून बसले होते. मुलीला का आणलं नाही, या प्रश्नावर शैला म्हणाली, सुट्टी मिळाली नाही. मी पाटाकडे बघत राहिलो.

नव्या तांदळाचा भात, आमटी, पापड, खीर. त्यातलं जवळजवळ सगळंच तिला मोजून खायचं. पाटाशेजारी पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या, वर फुलपात्र. शैलाला त्या दिवसांत तहान म्हणजे काय झालं होतं ते मला ठाऊक आहे. पातेल्यावर ठेवलेल्या झाकणाला आतून साचलेलं पाणी ती बोटानं पुसून जिभेला लावायची. तिनं फुलपात्र उचललं. तोंडाला लावलं. घसा हलला. डोळे मिटले, खाली ठेवलं आणि म्हणाली, "काय गोड पाणी आहे हो तुमचं, मावशी." फुलपात्रातलं पाणी होतं तेवढंच होतं. पंगतीत फक्त मी ते पाहिलं. जेवण होईपर्यंत तिनं ते पाच-सहा वेळा केलं. मी माझं फुलपात्र उपडं घातलं.

जेवणं झाल्यावर कोंडाबाईंनी ओटीचं सामान काढलं. मुलीची ओटी आईच्या पदरात घालायची, म्हणून खण, नारळ, नवे तांदूळ. आणि नवरीच्या आईला चुडा हवा म्हणून हिरव्या बांगड्या. शैलानं उजवा हात पुढे केला. तो भरून झाल्यावर कोंडाबाईंनी, ती नको म्हणायच्या आत, डावा हात धरला. मनगट दाबून बांगडी चढवायला गेल्या आणि थांबल्या. त्यांची बोटं त्या जागेवर पडली होती. आतली थरथर ऐकत असल्यासारख्या तशाच बसून राहिल्या. बाहीखाली सुयांच्या जुन्या खुणांची रांग होती, तीही त्यांनी पाहिली असणार. मला वाटलं, झालं. आता हळहळ सुरू होईल, काढा सांगतील, अंगारा देतील, आणि मंगळवारी शैला उठणार नाही.

कोंडाबाईंनी राहिलेल्या बांगड्या कागदात गुंडाळल्या. "ह्या लग्नाच्या दिशी घालू," त्या म्हणाल्या. मग मालकांना ऐकू जाईल अशा आवाजात, "आन् लगीन एवढ्या घाईनं कशाला काढताय? पोर तुमची येकुलती. लांबवा जरा. मला बी यायला सवड व्हईल."

शैला त्यांच्याकडे बघत होती. "लांबवू की, मावशी," ती म्हणाली.

ते लग्न मग लांबतच गेलं. पौषात लग्न करत नाहीत. पुढे मुलाची बदली झाली. मग गुरूचा अस्त आला. मग मंगल कार्यालय मिळेना. कोंडाबाई दर शनिवारी विचारायच्या, ठरली का तारीख, आणि शैलानं नाही म्हटलं की पोत्यातून काहीतरी काढून मला द्यायच्या, शेंगा, नाचणीचं पीठ, रानातली कसली भाजी. त्यांना किती कळलं होतं हे मी कधी विचारलं नाही. बसमधल्या इतर बायकांनाही आता ते लग्न पाठ झालं होतं. एकीनं कार्यालय सुचवलं, एकीनं आचारी. सगळी बस आमच्या मुलीच्या लग्नाच्या मागे लागली होती, आणि ते होऊ नये म्हणून मी मनातल्या मनात हात जोडत होतो.

यंदा पुन्हा भात पिवळं झालं. शैलाच्या हातातली जोडलेली शीर दोनदा बंद पडली, दोनदा उघडावी लागली. वजन उतरलं. साडीला निऱ्या जास्त पडायला लागल्या. काठपदराचा तिला भार व्हायला लागला, आणि एका शनिवारी ती साध्या साडीतच निघाली. बसमध्ये कोंडाबाईंनी नेहमीप्रमाणे विचारलं.

"ठरली, मावशी," शैला म्हणाली. "या महिन्याच्या शेवटी."

कोंडाबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी समोरच्या बाकाची लोखंडी कड धरली.

घरी मी विचारलं, याचा अर्थ काय. ती म्हणाली, "दमले हो मी. लग्न झालं की मग पुण्याला जायचं कारण उरत नाही." आवाजात राग नव्हता, रडू नव्हतं. रागाशी मला भांडता आलं असतं. मी पुन्हा आकडे काढले. तिनं ते नीट ऐकले, एका ठिकाणी माझी चूकही दाखवली. मंगळवारी आणि गुरुवारी ती आली, पण पाहुणी आल्यासारखी. घरात हळूहळू आवराआवर करत होती. शिवणयंत्राला तेल घालून, ते कुणाला द्यायचं ते मला सांगून ठेवलं.

शुक्रवारी मी वेल्ह्याकडे एका मोजणीला गेलो होतो. बांधावर उभं राहून खातेदार सांगत होता की त्याचे वडील गेले, मुलाचं लग्न वर्षाच्या आत उरकायला जमलं नाही, तेव्हा आता रीतीप्रमाणे तीन वर्षं थांबायचं. ठरलेली मुलगी खोळंबली म्हणून तो रडकुंडीला आला होता. मी मोजणीचं यंत्र हातात धरून तसाच उभा राहिलो. तीन वर्षं. त्याला हवं ते सगळं त्याच्या हातून गेलं होतं आणि मला त्याचा हेवा वाटला.

परतताना फटफटीवर मी एकाच गोष्टीचा विचार करत होतो, व्याह्यांना मारायचं. हे लिहायला विचित्र वाटतं, पण मला ते जड गेलं. माणूस चांगला होता. हुंड्याला नाही म्हणाला होता. साठीतला, बिस्किट चमच्यानं काढून खाणारा, त्याचं वाईट व्हावं असं त्यानं काहीही केलं नव्हतं.

शनिवारी बस सुटली. कोंडाबाईंनी मुलीसाठी नव्या तांदळाची पिशवी आणली होती. तयारी कुठवर आली, असं त्यांनी मला विचारलं. शैला खिडकीतून बाहेर बघत होती.

मी म्हणालो, "व्याही गेले."

आवाज मला बदलावा लागला नाही. तो आपोआपच फुटला. शैलानं मान वळवली.

"आगं बया," कोंडाबाई म्हणाल्या. "कवा?"

गुरुवारी, मी म्हणालो. कशानं, हे मी ठरवलं नव्हतं. झोपेत, असं सांगितलं. पुढच्या बाकावरच्या दोघी मागे वळल्या. चांगला माणूस होता, असं मी म्हणालो, आणि मग मला थांबताच येईना. एका कानानं ऐकू यायचं नाही, छत्री आमच्याकडेच राहिली, ती आता कुणाला द्यायची. मी पन्नाशी ओलांडलेला सरकारी नोकर, भरल्या बसमध्ये नसलेल्या माणसासाठी रुमाल तोंडाशी धरून रडत होतो. कोंडाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. कुणासाठी, ते त्यांनाच ठाऊक.

खेड शिवापूरचा टोलनाका गेला. मग कोंडाबाई शैलाकडे वळल्या. सावकाश, एकेक शब्द ठेवत म्हणाल्या, "आता रीतीनं दोनच वाटा, बाई. वरसाच्या आत उरकायचं, न्हाईतर तीन वरसं थांबायचं. तुमी काय करताय?"

पुढच्या बाकावरच्या दोघीही उत्तराची वाट बघत होत्या. शैलाच्या मांडीवर तिचा डावा हात होता. मी त्यावर हात ठेवला. आतला भुंगा चालू होता.

"तीन वर्षं फार होतात, मावशी," ती म्हणाली.

"व्हतात," कोंडाबाई म्हणाल्या. "लई व्हतात."

बोगदा आला, अंधारला, संपला. कंडक्टरनं कात्रज म्हणून ओरडून सांगितलं. कोंडाबाई आधी उतरून मुलाच्या घराकडे निघाल्या. मी पिशवी घेऊन उभा राहिलो. शैला बसूनच होती. मागच्या माणसानं मला पुढे सरकायला सांगितलं. मी सरकलो नाही. मग तिनं पदर खांद्यावर घेतला, पुढच्या बाकाचा आधार घेतला आणि उठली.

खाली रस्त्यावर बस निघून जाईपर्यंत ती धूर टाळत तोंडावर पदर धरून उभी होती. मग म्हणाली, "झोपेत गेले म्हणे. मला विचारायचं तरी होतंत." मी रिक्षाला हात केला. ती आत बसली, हात मांडीवर नीट ठेवला, आणि थोड्या वेळानं, बाहेर बघत, म्हणाली, "मंगळवारी विहीणबाईंना भेटायला जायला हवं."

मी तीन वर्षं मागितली होती. मंगळवार मिळाला. मी तो घेतला.